भामाबाईंनी कळवलेले बदल

तळेगाव दाभाड्यात स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमच्या शिक्षण निधीचं कार्यालय आहे. दोन खोल्या, एक कपाट, रुसणारा प्रिंटर आणि मी. मावळातल्या बेताच्या उत्पन्नाच्या घरांतल्या साठ-पासष्ट मुलामुलींना निधी दरवर्षी शिष्यवृत्ती देतो. कॉलेजची फी बहुतेकांना सरकारी योजनेतून मिळते. होस्टेल, मेस, पुस्तकं, गणवेश असं जे उरतं त्याला आमचा हातभार.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये भाजे गावातून भामाबाई ओव्हाळ आल्या, सोबत त्यांची मुलगी प्रतीक्षा. प्रतीक्षाला तळेगावातच नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. आमची शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती, फक्त करारनाम्यावर पालकांची सही राहिली होती.

करारनामा चार पानांचा. पालक सहसा थेट शेवटचं पान उलटतात आणि विचारतात, "कुठे सही करू?" भामाबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वाचा ताई. पयल्यापासनं."

मी वाचायला लागले. प्रतीक्षा अवघडून खिडकीबाहेर बघत होती. कलम सात आलं: कुटुंबाच्या उत्पन्नात कोणताही बदल झाल्यास पालकाने तो एक महिन्याच्या आत लेखी कळवावा.

"ह्ये परत वाचा."

मी परत वाचलं.

"बदल म्हंजी केवढा?"

दीड वाजत आला होता, मला भूक लागली होती. मी म्हटलं, "मावशी, ‘कोणताही’ असं लिहिलंय ना? म्हणजे कोणताही."

पुढे मला जे काम लागलं ते या एका उत्तराने.

मग त्यांनी चष्मा लावला आणि सही केली. आधी एकेक अक्षर सुटं लिहिलं, भामाबाई विठ्ठल ओव्हाळ, आणि सगळी अक्षरं उभी राहिल्यावर वरून एकच लांब रेघ ओढली. चाळिशी उलटल्यावर गावातल्या विहारात बायकांचा वर्ग निघाला होता, तिथे त्या लिहायला शिकल्या. "त्याच्या आदी अंगठा," त्या म्हणाल्या. "अंगठा लावला का कागदाचं काय घेनंदेनं वाटत न्हाई बगा. सही केली का वाटतं."

महिन्याभराने त्या प्रतीक्षाला होस्टेलवर डबा द्यायला आल्या आणि वाटेत कार्यालयात डोकावल्या. माझ्यापुढे वहीचं एक पान ठेवलं. मोठ्या, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: शेळी व्याली. दोन करडं. एक विकणार, एक ठेवणार.

"हे काय, मावशी?"

"बदल," भामाबाई म्हणाल्या.

मी आवक वहीत नोंद केली. करणार नाही तर काय? पुढच्या महिन्यात पत्र आलं की विठ्ठलभाऊंची हजेरी पन्नास रुपयांनी वाढली. विठ्ठलभाऊ म्हणजे त्यांचे यजमान, लोणावळ्याला तुंगार्लीकडच्या बंगल्यांवर माळीकाम करायचे. मग पत्र आलं की तीन कोंबड्या अंडी द्यायला लागल्या. मग, मक्याच्या कणसाचा भाव वाढवला. शनिवार-रविवारी भाज्यातून लोहगडाकडे जाणाऱ्या वाटेवर भामाबाई उकडलेली कणसं, काकडी आणि ताक विकायला बसायच्या. एरवी लावणी-कापणीच्या मजुरीला.

आमच्या समितीचे प्रमुख सीताराम सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळं आयुष्य लोकांची मोघम उत्तरं तपासण्यात गेलेला माणूस. ही पत्रं वाचून ते खूश झाले. "अनघा, आपलं कलम वाचून कुणी पाळलंय, हे पहिलंच," म्हणाले. पण चौथ्या पत्रानंतर त्यांनीच नियमात दुरुस्ती केली: वर्षाला वीस हजारांपेक्षा जास्त फरक पडला तरच कळवावे.

मी फोन करून सांगितलं तर भामाबाई म्हणाल्या, "मंग आदीच तसं लिवायचं की ताई! कोंबड्यांचं उगंच वाचाय लावलं तुमाला."

त्यानंतर वर्षभर सगळं शांत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात एका रविवारी पुण्याचे आठ-नऊ निवृत्त लोक लोहगड उतरून आले. डबे वरच संपलेले, माळवली स्टेशन अजून लांब. एका काकांनी भामाबाईंना विचारलं, इथे जेवण कुठे मिळेल? भामाबाईंनी टोपली उचलली आणि म्हणाल्या, "चला घरी." तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि घरचा इंद्रायणी भात. काका लोक अंगणात मांडी घालून जेवले आणि निघताना फोन नंबर घेऊन गेले.

पुढच्या रविवारी सोळा जण आले. कुणीतरी त्यांचं घर मोबाइलच्या नकाशावर टाकलं, ‘भामा मावशीचं जेवण’ म्हणून. फेब्रुवारीत शनिवार-रविवारची चाळीस-पन्नास ताटं व्हायला लागली. अंगणावर पत्रा आला. विठ्ठलभाऊंनी शनिवारी बंगल्यांवर जाणं बंद केलं आणि कांदे चिरायला लागले. त्यांना कुणी नाव विचारलं की सांगायचे, "मी वेटर."

शेजारचे नथूभाऊ लेण्यांच्या पायथ्याशी टोप्या आणि रेनकोट विकतात. त्यांनी भामाबाईंना लिहायला बसलेलं पाहिलं. पुढचं बोलणं मला विठ्ठलभाऊंनी नंतर साभिनय करून दाखवलं.

"वैनी, काय लिवतीस?"

"तळेगावला कळवायचंय. उत्पन वाढलं."

"खुळी का काय तू? स्कालरशिप जाईल पोरीची! हितं कोन बघाय येतंय तळेगावातनं?"

"कोन येत न्हाई म्हनून तर लिवायचं. येत आस्तं तर त्यांनीच बघितलं नसतं का?"

नथूभाऊंनी समोरचं ताक उचललं. ते ताक पिऊन गेले.

मार्चमध्ये भामाबाई आमच्याकडे आल्या. "ताई, आता वीस हजाराच्या लय वर गेलंय."

मी कागद पाहिला आणि, खरं सांगते, मलाच तो नकोसा झाला. प्रतीक्षाचं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. मी म्हटलं, "मावशी, धंदा नवीन आहे. उन्हाळ्यात माणसं येतील न येतील. हे आत्ता राहू दे. पावसाळ्यात बघू."

"मुदत किती हाय?"

"एक महिना."

"मंग पावसाळ्यात कशी बसंल ती?"

मला हसू आलं. त्याही हसल्या, पण कागद मागे घेतला नाही. "ठप्पा मारा," म्हणाल्या. "आन तारीख नीट दिसू द्या."

एवढा मोठा बदल असला की घरी जाऊन पाहणी करावी लागते. मी एका रविवारी भाज्याला गेले. अंगणात तीन पंगती, बाहेर बुटांचा ढीग. चुलीपाशी भामाबाई, दोन्ही तळव्यांत भाकरी फिरतेय आणि तोंडाने "त्या पांढऱ्या शर्टवाल्याला भात वाढा" चाललंय. मला पाहून ओरडल्या, "जयभीम ताई! आदी जेवा, मंग तपासा."

प्रतीक्षा सुट्टीत घरी आली होती. ती ताटं विसळत होती, आणि ताटं जरा जास्तच वाजत होती. मी हात धुवायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक विचारू? माझ्या वर्गात तुमच्याच शिष्यवृत्तीवरची एक मुलगी आहे. तिच्या घरी नवी गाडी आली. त्यांनी कळवलंय का काही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग माझ्याच आईला कसली हौस आहे? पहाटे चारला उठते. गुडघे धरलेत. दोन पैसे पहिल्यांदा हातात यायला लागले तर ते स्वतः जाऊन सांगून आली. तिला काय बक्षीस देणार तुम्ही?"

तिचा प्रश्न रास्त होता. मी हात पुसले. मग आत जाऊन जेवले, आणि जेवण इतकं चांगलं होतं की मला आणखीनच अपराधी वाटलं.

समितीने नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती अर्ध्यावर आणली. उरलेली रक्कम वेटिंग लिस्टमधल्या पहिल्या नावाला गेली: लोणावळ्याची आयरा, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला, वडील एका चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला. नाव सांगायची पद्धत नाही, म्हणून भामाबाईंना मी फोनवर एवढंच सांगितलं की लोणावळ्याच्या एका मुलीची सोय झाली.

"म्हंजी आमच्या पिठल्यावर अजून यक पोरगी शिकती म्हना!" पलीकडे त्या मोठ्याने हसल्या आणि विठ्ठलभाऊंना तेच ओरडून सांगितलं. प्रतीक्षा मात्र आठ दिवस आईशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिला ताप आला, आणि भामाबाई सकाळच्या पहिल्या लोकलने मऊ भात घेऊन होस्टेलच्या दारात उभ्या राहिल्या. बोलणं तिथून सुरू झालं.

होस्टेलचे उरलेले पैसे त्या दर महिन्याच्या पाच तारखेला वेळेवर भरत होत्या. जूनमध्ये पावसाळी गर्दी सुरू झाली तेव्हा त्यांनी हाताखाली गावातलीच एक बाई घेतली.

मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात प्रतीक्षा कार्यालयात आली. बसली नाही. "मॅडम, होस्टेलचे पैसे भरायला दोन महिने मुदत मिळेल असं पत्र देता येईल का तुमच्या लेटरहेडवर?"

"का गं? काय झालं?"

"काही नाही."

मी तिला खुर्चीत बसवलं, चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर तिने सांगितलं. जुलैच्या दोन तारखेला अंगणातल्या शेवाळावरून भामाबाईंचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. ऐन हंगामात चूल बंद. मदतीची बाई आठ दिवस थांबली, मग लावणीच्या कामाला गेली. विठ्ठलभाऊंनी भाकऱ्या थापून पाहिल्या.

"पप्पांची भाकरी बघून दोन माणसं न जेवता उठून गेली," प्रतीक्षा म्हणाली. तिला रडता रडता हसू आलं. "एकाने तर तिचा फोटो काढला."

"अगं मग तुम्ही कळवलं का नाही? जेवणाचं उत्पन्न बंद झालंय ना? शिष्यवृत्ती पुन्हा पूर्ण होऊ शकते."

"मी म्हणाले आईला. ती ऐकत नाही. वाढलं तेव्हा मान ताठ करून सांगितलं, आता रडत कुठल्या तोंडाने जाऊ म्हणते."

ती गेल्यावर मी भामाबाईंची फाइल काढली. शेळी, हजेरी, अंडी, कणसं, जेवण. सगळी पत्रं वाढीची. दोन वर्षांत त्यांच्या घरात काहीच घटलं नसेल का? ते मला कधी खटकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, एकोणतीस तारखेला, मी फॉर्म घेऊन भाज्याला गेले. दारात विठ्ठलभाऊ तांदूळ निवडत होते. भामाबाई खाटेवर, हात गळ्यात बांधलेला, चेहऱ्यावर शाळेतून काढून टाकलेल्या मुलासारखा भाव. मला पाहताच प्रतीक्षाला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या असाव्यात.

"कशाला आलाव ताई येवढ्या पावसात? हाड काय, जुळंल. चूल पेटंल."

"जुळेल हो. पण फॉर्म भरायचाय."

"न्हाई भरायचा."

"का?"

त्यांनी गळ्यातली झोळी सारखी केली. "ताई, चार मयन्यांपूर्वी मीच सांगितलं ना, की आता आमचं भागतंय, ह्ये दुसऱ्याला द्या? आता ते परत मागू? त्या लोनावळ्याच्या पोरीच्या ताटातलं काडून?"

तेव्हा मला कळलं की नुसता अभिमान नव्हता तो. त्यांना चार महिने वाटत होतं की निधीत एकच ताट आहे.

"मावशी, तिचं तिलाच राहणार. तिचं मंजूर झालंय, ते कुणी काढत नाही. तुमच्यासारख्या वेळेला म्हणून निधीत वेगळी रक्कम ठेवलेली असते. यंदा तर ती अजून कुणी मागितलीच नाही."

"खरं?"

"खरं. आणि दुसरं. तुमचा हात कधी मोडला?"

"दोन तारकेला."

"आज एकोणतीस. कलम सातात काय लिहिलंय? वाढ लिहिलंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, मनात वाचत असाव्यात. "बदल," त्या म्हणाल्या.

"मुदत?"

"यक मयना." आणि मग एकदम उठून बसल्या. "आवो, चष्मा कुटं हाय माजा? चारच दिस ऱ्हायलेत की!"

विठ्ठलभाऊंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि चष्मा शोधला. फॉर्म मी भरला. सहीची जागा आली आणि सगळे थांबलो. उजवा हात प्लॅस्टरमध्ये बोटांपर्यंत.

"अंगठा चालतो," मी म्हटलं. "डॉक्टरांचा दाखला जोडलाय, काही अडचण नाही."

"अंगठा न्हाई लावनार."

तेवढ्यात प्रतीक्षा आली. कॉलेज संपवून चारची लोकल पकडून, भिजून. काय चाललंय ते तिच्या लगेच लक्षात आलं. ती आईजवळ बसली. "मी हात धरू का तुझा?"

"नको. मंग ती तुजी सही झाली."

विठ्ठलभाऊंनी पाटावर कागद दाबून धरला. भामाबाईंनी डाव्या हातात पेन घेतलं. ‘भा’ला पाच मिनिटं गेली. ‘विठ्ठल’ चौकटीबाहेर निघाला. ‘ओव्हाळ’ तर जवळजवळ विठ्ठलभाऊंच्या अंगठ्यावर चढला. वरची रेघ ओढताना ती लोहगडाच्या चढासारखी वर वर गेली. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी पेन ठेवलं, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ब्येस न्हाई, पन माजीच हाय."

प्रतीक्षाने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "तू ना आई," एवढंच म्हणाली.

सीताराम सरांनी ती सही खूप वेळ पाहिली आणि मंजुरी लिहिली. जुलैपासून शिष्यवृत्ती पूर्ण. वेगळ्या रकमेतून होस्टेलचे दोन महिनेही भागले.

ऑगस्टच्या शेवटी आमची पालकसभा असते. सर आधी नियम सांगतात, मग चहा. त्या वर्षी सरांनी भामाबाईंना बोलायला उभं केलं. प्लॅस्टर निघून दोन आठवडे झाले होते, हात अजून बारीक दिसत होता. माइक त्यांनी डाव्या हातात धरला.

"मला भाषान येत न्हाई," त्या म्हणाल्या. "माजं उत्पन वाढलं ते सांगाय मी नाचत आले. लोकं शाब्बास म्हनत्यात, ब्येस वाटतं. घटलं ते सांगाय सत्तावीस दिस लागलं, ते बी ह्या ताई घरी आल्या म्हनून. तुमी तेवढं लावू नका. लाज वाटली तर वाटू द्या, पन फारम भरा." आणि माइक सरांच्या हातात देऊन खाली बसल्या.

चहाच्या वेळी मागच्या रांगेतले एक गृहस्थ माझ्याजवळ आले. इकबालभाई, आयराचे वडील. "ताई, माझंही एक कळवायचं राहिलंय," ते म्हणाले. "मालकांनी दुकान विकलं, जूनमध्येच. सध्या मार्केटात हमाली करतोय. आयराला सांगितलेलं नाही." एवढं बोलून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला.

मी त्यांना तिथेच खुर्चीत बसवून फॉर्म भरून घेतला. मुदत उलटून गेली होती, पण सर म्हणाले, विलंब माफ. भामाबाई शेजारीच चहा पीत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "भाऊ, कुठलं तुमी?"

"लोणावळ्याचा."

"पोरगी काय शिकती?"

"फार्मसी."

भामाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कागदात डोकं घातलं. "चांगलं हाय," त्या इकबालभाईंना म्हणाल्या. "यका रविवारी तिला घेऊन या जेवाय. तिच्या अम्मीला बी आना. आमच्यात शाकारीच आस्तं, काय काळजी करू नका."

ते चौघं दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आले, असं मला आयराने सांगितलं. तिच्या धाकट्या भावाने, हमदानने, सात भाकऱ्या खाल्ल्या म्हणे.

यंदा प्रतीक्षा पास झाली आणि तळेगावजवळच्या एका हॉस्पिटलात लागली. दोन मैत्रिणींबरोबर तिने वराळ्याला नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर भाड्याने खोली घेतली आहे. गेल्या महिन्यात तिने आईवडिलांना बोलावलं आणि मलाही. भामाबाई पहिल्यांदाच लिफ्टमध्ये बसल्या आणि दार उघडल्यावर म्हणाल्या, "झालं? म्या म्हनलं अजून निगायचंय."

खोलीत शिरताच त्यांनी आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग गादीखाली हात घालून ओल आहे का ते पाहिलं, मग तिघी मैत्रिणींच्या डब्यांची झाकणं उघडून पाहिली. विठ्ठलभाऊ गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाऊस उघडला होता, लांब डोंगरांची रांग मोकळी दिसत होती.

"त्यो बघ लोहगड," त्यांनी बोट दाखवलं.

भामाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आवो, त्यो कशाचा लोहगड? त्यो हिकडं, ह्या टाकीच्या मागं."

"टाकीच्या मागं काय बी न्हाई."

"चष्मा लावा."

दोघं तिथेच वाद घालत उभे राहिले. आतून प्रतीक्षाने दोनदा हाक मारली की चहा गार होतोय. मी तिघींच्या वाट्याची बिस्किटं खात बसले होते, आणि मला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती.